समुद्राचा ताप मोजताना: वाचकांचे प्रश्न

अरबी समुद्र तापतोय, असं वर्तमानपत्रांत वारंवार येतं. त्यावर वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातल्या बहुतेकांचा रोख एकच होता: हे आकडे आणतं कोण, आणि ते कसे मोजतात? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रांत विषय सारखाच होता, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न: जुन्या नोंदींत ‘बादलीने घेतलेलं तापमान’ असा उल्लेख सापडतो. दोरीला बादली बांधायची, पाणी ओढायचं आणि थर्मामीटर बुडवायचा, एवढंच ना? मग त्यावर शास्त्रज्ञांचे एवढे वाद कशासाठी? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर: माठातलं पाणी गार का होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. वादाचं मूळ तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजांवर आधी लाकडी आणि मग कॅनव्हासच्या बादल्या आल्या. कॅनव्हास हलका आणि घडी होणारा, पण त्यातून पाणी झिरपतं. बादली वर काढली की बाहेरचा ओला भाग वाऱ्यावर वाळायला लागतो आणि आतलं पाणी निवतं. कोरडा वारा असेल आणि वाचन घ्यायला दोन-चार मिनिटं लागली, तर काही दशांश अंश सहज उतरतात. पावसाळ्यातल्या दमट वाऱ्यात ही घट कमी असते, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यात जास्त. म्हणजे चूक एकसारखीही नसते. हवामान बदललं की तीही बदलते.

पुढे वाफेची आणि मग डिझेलची जहाजं आली. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढावंच लागतं, तेव्हा त्याच नळात थर्मामीटर बसवणं सोपं झालं. पण हे पाणी पाच ते पंधरा मीटर खालून येतं, वाटेत इंजिनरूमच्या उष्णतेने थोडं तापतं, आणि तिथल्या थर्मामीटरवर खुणा अर्ध्या किंवा एक अंशाच्या असतात. त्यातही तो अशा कोपऱ्यात की वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. एकूण हिशेबात ही वाचनं खऱ्यापेक्षा काही दशांश अंश जास्त निघतात.

आता गंमत बघा. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावून बादली ओढणं म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आमंत्रण. त्या काळातल्या नोंदींत अमेरिकन जहाजांचा वाटा मोठा होता आणि त्यांची मोजमापं मुख्यतः इंजिनच्या पाण्यातली होती. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजांच्या नोंदींचं प्रमाण वाढलं आणि तिथे बादली चालू होती. परिणाम असा की १९४५ सालच्या उत्तरार्धात जगभरच्या समुद्रतापमानाच्या आलेखात सुमारे ०.३ अंशाची पायरी दिसते. समुद्र काही त्या महिन्यांत थंड झाला नव्हता, मोजायची रीत बदलली होती. कोणत्या जहाजाने कोणत्या पद्धतीने मोजलं, ही नोंद अर्धवट असल्यामुळे ती पायरी उलगडायला पुढे अनेक दशकं लागली.

बादली आजही वापरतात, पण जाड रबराची, उष्णता धरून ठेवणारी. पद्धत अशी. जहाजाच्या बाजूंना गरम पाणी बाहेर टाकणारी तोंडं असतात, त्या सगळ्यांच्या पुढे, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या बाजूला उभं राहायचं. बादली साधारण मिनिटभर पाण्यात ओढू द्यायची, म्हणजे तिचं स्वतःचं तापमान समुद्राइतकं होतं. डेकवर उन्हात पडून तापलेल्या बादलीने लगेच पाणी काढलं तर मोजलं जाईल ते बादलीचं तापमान. मग वर काढून सावलीत, वाऱ्याआड ठेवायची, थर्मामीटर घालून हलकं ढवळायचं आणि मिनिटभरात ०.१ अंशापर्यंत वाचायचं. वाचताना थर्मामीटर पाण्याबाहेर काढायचा नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कारण बारा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने चाललेल्या जहाजावर भरलेल्या बादलीचा हिसका खांदा उखडू शकतो. वेग पंधरा नॉटच्या पुढे गेला की बादली पाण्यावर नुसती उड्या मारते, तेव्हा तो नाद सोडावा.

प्रश्न: मी डेक कॅडेट आहे. आमच्या जहाजावर हवामानाची नोंद सकाळी साडेपाच, साडेअकरा अशा विचित्र वेळी का करतात? आणि त्या आकड्यांच्या गटांत समुद्राचं तापमान कुठे असतं? (अलिबाग)

उत्तर: वेळा विचित्र वाटतात त्या भारतीय घड्याळामुळे. जगभर एकाच क्षणी निरीक्षण व्हावं म्हणून यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, ००, ०६, १२ आणि १८ वाजता नोंद घेतात. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटे ५:३०, सकाळी ११:३०, संध्याकाळी ५:३० आणि रात्री ११:३०. निरीक्षणाला दहा-पंधरा मिनिटं आधी लागायचं. ढग, दृश्यमानता, लाटा, तापमान उरकून घ्यायचं आणि वायुदाब मात्र ठोक्याला वाचायचा.

एक उदाहरण घेऊ. जहाज गोव्यासमोर, महिन्याची १२ तारीख, ०६ यूटीसी. संदेश साधारण असा जाईल:

१२०६४ ९९१५४ १०७२८ ४१५९८ ३२५१२ १०२८४ २०२५१ ४००८२ … ०४२९१

पहिल्या गटात तारीख १२, वेळ ०६, आणि शेवटचा ४ म्हणजे वारा यंत्राने मोजलाय आणि नॉटमध्ये आहे. तिथे ३ असता तर ‘नॉटमध्येच, पण समुद्राकडे बघून अंदाजाने’ असा अर्थ झाला असता. ९९१५४ म्हणजे अक्षांश १५.४. पुढच्या गटातला पहिला १ सांगतो की आपण उत्तर-पूर्व चतुर्थांशात आहोत, मग रेखांश ७२.८. त्यापुढच्या गटात ढगांच्या तळाची उंची आणि शेवटचे ९८, म्हणजे किमान वीस किलोमीटरपर्यंत दिसतंय. ३२५१२ मध्ये आठांपैकी तीन भाग ढग, वारा २५० अंशांवरून, १२ नॉट. नंतर हवेचं तापमान २८.४, दवबिंदू २५.१, वायुदाब १००८.२ हेक्टापास्कल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या गटात आहे. ०४२९१ मधला पहिला ० ही त्या गटाची ओळख, २९१ म्हणजे २९.१ अंश. मधला ४ सगळ्यात महत्त्वाचा. तो सांगतो की जहाजाच्या कवचाला आतून चिकटवलेल्या संवेदकाने मोजलं. तिथे ० असेल तर इंजिनचं पाणी, २ असेल तर बादली, ६ असेल तर यांपैकी काहीच नाही. (१, ३, ५, ७ हे शून्याखालच्या तापमानासाठी, आपल्याकडे त्यांची वेळ येत नाही.) वर १९४५ ची कथा वाचलीत ना? तो एक आकडा असता तर ती घडलीच नसती. म्हणून तो सवयीने टाकू नका. बादली हरवली आणि आज इंजिनरूमला फोन करून आकडा घेतला, तर कोडही बदलायला हवा.

चतुर्थांशाचा आकडा चुकला तर जहाज दुसऱ्याच महासागरात किंवा थेट जमिनीवर पोचतं आणि तुमची मेहनत तपासणीत बाद होते. हल्ली संगणकावरची नोंदवही असल्या चुका पकडते, पण पद्धतीचा आकडा ती तुम्हालाच विचारते आणि तुम्ही सांगाल तो मान्य करते.

प्रश्न: बोटीवर वाऱ्याचं यंत्र बसवलंय. बोट उभी असताना ठीक दाखवतं, चालायला लागली की वारा भलतीकडूनच येतो. यंत्र बिघडलंय का? (मच्छीमार, मालवण)

उत्तर: यंत्र ठीक आहे. ते बोटीला लागणारा वारा दाखवतं, खरा वारा नाही. वारा पडलेला असतानाही दुचाकीवर तोंडावर वारा येतोच, तसंच हे.

हिशेब करून बघा. बोट दहा नॉटने सरळ उत्तरेला चालली आहे आणि यंत्र म्हणतं, वारा उजव्या अंगाने, म्हणजे पूर्वेकडून, दहा नॉट. कागदावर पश्चिमेकडे दहा घरांचा बाण काढा. त्याच्या टोकापासून उत्तरेकडे, बोटीच्या चालीचा, दहा घरांचा दुसरा बाण काढा. सुरुवात आणि शेवट जोडा. ती रेघ वायव्येकडे जाते आणि चौदा घरं भरते. म्हणजे खरा वारा आग्नेयेकडून, चौदा नॉट.

संशोधन जहाजांवर हे संगणक दर सेकंदाला करतो, तरी चुका राहतात. बाण जोडताना वेग आणि दिशा जीपीएसची, म्हणजे जमिनीच्या हिशेबातली घ्यावी लागते. पण यंत्राची दिशा जहाजाच्या नाळेपासून मोजलेली असते, म्हणून नाळ कुठे वळली आहे हे जायरो कंपासवरून वेगळं लागतं. प्रवाह आणि वाऱ्यामुळे जहाज तिरकं सरकतं, तेव्हा नाळेची दिशा आणि चालीची दिशा यांत पाच-दहा अंशांचा फरक सहज पडतो. दोन्हींसाठी एकच आकडा वापरला की खरा वारा चुकतो.

दुसरी चूक सरासरीची. वारा उत्तरेकडून आहे आणि वाचनं ३५९ आणि १ अंश अशी येताहेत. आकड्यांची सरासरी १८०, म्हणजे थेट दक्षिण! म्हणून वाऱ्याचे आधी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन भाग करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि मग दिशा. जहाज वळताना घेतलेली मिनिटं सरळ टाकून द्यावीत.

तिसरी अडचण गणिताने सुटत नाही. जहाजाचं धूड स्वतःच वाऱ्याच्या वाटेत उभं असतं. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, छतालगत वारा कुठे दाबला जातो, कुठे वेग घेतो. दहा टक्क्यांची चूक ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून यंत्र शक्यतो नाळेवरच्या डोलकाठीवर, उंच आणि मोकळं बसवतात, आणि मागून येणाऱ्या वाऱ्याची वाचनं संशयाने बघतात. तुमच्या बोटीवर केबिनच्या छतापासून जेवढं उंच नेता येईल तेवढं न्या.

प्रश्न: लवकरच पहिल्यांदा संशोधन सफरीवर जाणार आहे. माझ्याकडे थर्मोसॅलिनोग्राफची जबाबदारी आहे. पुस्तकी माहिती आहे. प्रत्यक्षात काय बिघडतं ते सांगा. (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर: हे यंत्र चालत्या जहाजावर पृष्ठभागालगतच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता सतत नोंदवतं. ते आखूडपणे ‘टीएसजी’. पाणी तीन-पाच मीटर खोलीच्या तोंडातून आत येतं, पंपाने प्रयोगशाळेपर्यंत चढतं, बुडबुडे काढणाऱ्या भांड्यातून जातं आणि मग मोजणीच्या कुपीत शिरतं. बिघाडाच्या जागा याच क्रमाने येतात.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा: या व्यवस्थेत दोन तापमानं असतात. एक संवेदक पाणी आत येतं तिथेच, जहाजाच्या तळाशी. त्याचं वाचन म्हणजे समुद्राचं तापमान. दुसरा कुपीत, वर प्रयोगशाळेत. पाणी नळीतून येताना तापतं, म्हणून दुसरं वाचन नेहमी थोडं जास्त. क्षारता मात्र विद्युतवाहकतेवरून काढतात आणि ती कुपीत मोजलेली असते, म्हणून तिथे कुपीचंच तापमान वापरायचं. अदलाबदल केली तर काय होतं? आपल्याकडच्या उबदार पाण्यात अर्ध्या अंशाच्या फरकाने क्षारता साधारण ०.३ ते ०.४ ने चुकते. बाटलीतल्या नमुन्यावरून प्रयोगशाळेत क्षारता तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत मोजतात, तिथे ही चूक म्हणजे डोंगर.

दोन तापमानांतला फरक हाच तुमचा वैद्य. तो रोज साधारण सारखा राहिला पाहिजे. अचानक वाढला तर प्रवाह मंदावलाय, पाणी नळीत रेंगाळतंय. गाळणी चोंदली असेल, पंप दमला असेल, किंवा कोणीतरी त्याच नळातून दुसऱ्या प्रयोगासाठी पाणी वळवलं असेल. तिसरी शक्यता सर्वांत जास्त वेळा खरी निघते, तेव्हा आधी शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन विचारा.

पाणी तोंडापासून कुपीपर्यंत यायला किती वेळ लागतो तेही काढून ठेवा. नळी तीस मीटर लांब आणि आतून पंचवीस मिलिमीटर व्यासाची असेल तर तिच्यात जवळजवळ पंधरा लिटर पाणी मावतं. प्रवाह मिनिटाला दहा लिटर असेल तर दीड मिनिट. दहा नॉटने चाललेलं जहाज तेवढ्यात साडेचारशे मीटर पुढे गेलेलं असतं. एरवी चालून जातं, पण नदीमुखासमोर, जिथे गोडं आणि खारं पाणी एका रेषेवर भेटतात, तिथे ती रेषाच सरकलेली दिसेल.

समुद्र खवळला की नाळ आपटते आणि पाण्याच्या तोंडात हवा शिरते. बुडबुडा कुपीत आला की वाहकता पडते आणि क्षारतेचा आलेख खाली टोचल्यासारखा दिसतो. हे खड्डे नेहमी खालच्या बाजूला असतात, वर कधीच नाही. म्हणून सरासरीपेक्षा मध्यक वापरणं बरं.

बंदरात शिरताना पंप बंद करा. झुवारीच्या मुखात किंवा मुंबईच्या बंदरात येणारा गाळ आणि तेलाचा तवंग कुपीच्या आत बसतो आणि पुढचे आठ दिवस तुम्ही त्याचीच क्षारता मोजत राहता. बंद केल्यावर कुपी गोड्या पाण्याने धुवा. उबदार पाण्यात कुपीत जीवांचा थर चढतो आणि मग क्षारता दिवसेंदिवस हळूहळू कमी दिसायला लागते. खड्डा दिसतो, हा उतार दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट.

त्यावर उपाय एकच, बाटल्या. दिवसातून किमान एकदा, शक्यतो दोनदा, कुपीतून बाहेर पडणारं पाणी काचेच्या बाटलीत घ्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, खांद्यापर्यंत भरा, तोंड पुसून कोरडं करा आणि घट्ट बंद करा. तोंडाशी वाळलेला मिठाचा एक कण आत पडला तरी नमुना वाया गेला. वेळ सेकंदापर्यंत आणि यूटीसीमध्ये लिहा. रात्रीच्या पाळीत हमखास भारतीय वेळ लिहिली जाते, आणि साडेपाच तासांत जहाज शंभर किलोमीटर गेलेलं असतं. नमुना क्षारतामापकावर चढवण्याआधी एक दिवस प्रयोगशाळेच्या तापमानाला ठेवा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. न पटणारा प्रत्येक आकडा चुकीचा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागराकडून आलेलं कमी खारं पाणी सोबत आणतो. जानेवारीत गोव्यासमोर क्षारता नेहमीपेक्षा उतरलेली दिसली तर यंत्र धुवायला घेऊ नका, आधी बाटली घ्या. तसंच पावसाळ्यात दक्षिणेकडे जाताना किनाऱ्याजवळ तापमान घसरलं तर ते खालून वर येणारं थंड पाणी असू शकतं.

प्रश्न: जहाजावर पाऊस कसा मोजतात? (चिपळूण)

उत्तर: फारसा चांगला मोजता येत नाही. वारा थेंबांना भांड्यावरून पुढे नेतो, डोलणाऱ्या डेकवर भांडं तिरकं होतं आणि लाटेचे शिंतोडे पाऊस म्हणून मोजले जातात. जहाजांवर सहसा आपोआप रिकामी होणारी नळी वापरतात. पन्नास मिलिमीटर भरली की ती स्वतःच उपसली जाते. उपसण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात पडलेला पाऊस हिशेबात येत नाही. किती पडला यापेक्षा कधी पडला, यासाठी ही नोंद जास्त भरवशाची.

प्रश्न: उपग्रह एका फेरीत अख्खा समुद्र मोजतो. मग जहाज पाठवण्यावर खर्च कशाला? शिवाय दोघांचे आकडे जुळतही नाहीत. (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: न जुळण्याचं कारण आधी. अवरक्त किरणांनी मोजणारा उपग्रह पाण्याच्या वरच्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कातडीचं तापमान बघतो. ती कातडी हवेला उष्णता देत असते, म्हणून खालच्या पाण्यापेक्षा साधारण ०.२ अंशाने थंड असते. जहाज मोजतं ते तीन-पाच मीटर खालचं. एप्रिल-मेच्या दुपारी अरबी समुद्र आरशासारखा पडलेला असतो, वारा पाच-सहा नॉटच्याही खाली. तेव्हा वरचा मीटरभर थर तापून खालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम होऊ शकतो. मग उपग्रह ३२ म्हणतो, जहाज ३० म्हणतं आणि दोघंही खरं बोलत असतात. रात्री वारा सुटला की थर ढवळून निघतो आणि आकडे जवळ येतात. म्हणून तुलना पहाटेच्या वाचनांची करावी.

आता खर्चाचं. जून ते सप्टेंबर आपल्या समुद्रावर ढगांचं झाकण असतं आणि अवरक्त किरण ढगातून पार होत नाहीत. सूक्ष्मलहरींनी मोजणारे उपग्रह ढगातून बघतात, पण मुसळधार पावसात आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात त्यांचा उपयोग नसतो. म्हणजे मान्सूनसाठी जिथे आणि जेव्हा माहिती सर्वांत जास्त हवी, तिथेच ते अडतात. आणि उपग्रहाचं मोजमाप बरोबर आहे हे ठरवायला पाण्यात बुडलेला थर्मामीटर लागतोच. म्हणून जहाजावरच अवरक्त किरणमापक बसवून कातडीचं तापमान वरून आणि पाण्याचं खालून एकाच वेळी घेतात.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १९६०च्या दशकातली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तिच्या पाठोपाठ १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. १९७६ पासून ‘गवेषणी’, १९८३ पासून ‘सागर कन्या’, आणि २०१४ पासून ‘सिंधु साधना’ ही जहाजं या पाण्यात फिरली.

प्रश्न: एक्सबीटी म्हणजे काय? ते टाकून दिलेलं यंत्र परत कसं मिळवतात? (पुणे)

उत्तर: एक्सबीटी (एक्स्पेंडेबल बाथीथर्मोग्राफ) म्हणजे कोणत्या खोलीवर किती तापमान आहे ते नोंदवणारं, एकदाच वापरायचं यंत्र, म्हणून ते परत मिळवत नाहीत. ती शिशासारखी जड नाळ असलेली लहानशी नळी असते, टोकाला तापमानाचा संवेदक. ती समुद्रात सोडली की पडत जाते आणि केसासारखी तांब्याची तार मागे उलगडत राहते. तारेचं एक रीळ नळीत आणि दुसरं जहाजावरच्या डब्यात, म्हणून जहाज चालू असलं तरी तार ताणली जात नाही. नेहमीच्या प्रकारची नळी दोन मिनिटांत ७६० मीटर जाते. मग तार संपून तुटते आणि काम झालं.

खरी मेख अशी की हे यंत्र खोली मोजतच नाही. किती सेकंद झाले यावरून खोलीचा अंदाज बांधतात. आधी वापरात असलेलं समीकरण नळी वास्तवापेक्षा हळू पडते असं धरत होतं. १९९५ मध्ये ते दुरुस्त झालं तेव्हा ७६० मीटरला पंचवीस मीटरचा फरक निघाला. म्हणून जुनी नोंद वापरताना कोणतं समीकरण लावलंय ते आधी तपासावं.

टाकताना वाऱ्याआडच्या बाजूला, पिछाडीकडे उभं राहायचं, म्हणजे तार उडून जहाजाला घासत नाही. घासली की वरचं पातळ आवरण खरवडतं आणि आलेखात अचानक टोक उठतं. पहिले तीन-चार मीटर विश्वासाचे नसतात, कारण संवेदक अजून हवेच्या तापमानातून सावरत असतो. त्यामुळे पृष्ठभागाचं तापमान हवं असेल तर सोबत बादली घ्यावीच लागते. चेन्नई–पोर्ट ब्लेअर–कोलकाता अशा मार्गांवर प्रवासी आणि मालवाहू जहाजांवरूनही अशा नळ्या टाकल्या गेल्या आहेत.

प्रश्न: बॅरोमीटर दुपारी खाली येतो, रात्री वर जातो. वादळ येतंय असं कधी समजायचं? (मच्छीमार सोसायटी, वेंगुर्ला)

उत्तर: आपल्या अक्षांशांवर वायुदाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक साधारण तीन हेक्टापास्कलचा. म्हणून दहाचं वाचन चारच्या वाचनाशी ताडून घाबरू नका. आजचे चार कालच्या चारशी ताडा. तीन हेक्टापास्कलने खाली असेल तर सावध व्हा, पाचने खाली असेल तर वादळ जवळपास आहे असंच धरा आणि बंदर गाठा. हा रोजचा चढउतारच थांबला तर तेही वाईट लक्षण.

बॅरोमीटर समुद्रसपाटीपासून जेवढा उंच, तेवढं मीटरमागे ०.१२ हेक्टापास्कल मिळवायचं. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर, पंधरा मीटर उंचीवर, ते १.८ होतं. माल उतरला की जहाज वर येतं आणि ही दुरुस्तीही बदलते. तुमच्या बोटीवर हा फरक नगण्य आहे, पण केबिनचं दार वाऱ्यावर उघडं ठेवून वाचन घेऊ नका.

प्रश्न: साधा डिजिटल थर्मामीटर घेतलाय. तो खरं दाखवतो का, हे घरी कसं तपासावं? (देवगड)

उत्तर: स्वच्छ पाण्याचा बर्फ करा, कुटून थर्मासमध्ये गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच गार पाणी घाला. बर्फ तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं, ओतून टाका. मासळीचा बर्फ चालणार नाही, त्यात मीठ असलं की तापमान शून्याखाली जातं. थर्मामीटर मधोमध, तळाला न टेकवता ठेवा, पंधरा मिनिटं अधूनमधून हलवा. ०.० दिसायला हवं. ०.४ दाखवत असेल तर ती त्याची चूक, लिहून ठेवा.

पण तुम्हाला मोजायचंय ते २५ ते ३१ अंशांतलं पाणी, आणि शून्यावर बरोबर असलेला थर्मामीटर तिसावर बरोबर असेलच असं नाही. म्हणून दुसरी तपासणी करा. जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रमाणित थर्मामीटर असेल तर थर्मासमध्ये तीस अंशांच्या आसपासचं पाणी घेऊन दोन्ही शेजारी-शेजारी बुडवा, ढवळत राहा आणि दर मिनिटाला असे दहा वेळा वाचा. फरक दहाही वेळा सारखाच आला तर तो वजा करून थर्मामीटर खुशाल वापरा. तो उड्या मारत असेल तर आधी बॅटरी बदला, आणि तरीही मारत असेल तर थर्मामीटर.